फुलातील बीजकविन्यास कसा ओळखावा : भाजीच्या टोपलीपासून बांधावरच्या पिवळ्या धोत्र्यापर्यंत

पहिल्या पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावीच्या) जीवशास्त्रात सपुष्प वनस्पतींच्या बाह्यरचनेचा धडा असतो आणि त्यात बीजकविन्यासाच्या, म्हणजे प्लॅसेंटेशनच्या, वाट्याला जेमतेम एक परिच्छेद व काही छोट्या आकृत्या येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला इंग्रजीत जाणारी मुले हा परिच्छेद पाठ करतात, परीक्षेत उदाहरणे लिहितात आणि प्रात्यक्षिकात अनोळखी फूल समोर आले की अडखळतात. दोष मुलांचा नाही. हा विषय हातात पाते घेऊन फूल कापल्याशिवाय समजत नाही, आणि ज्या उदाहरणांवर तो शिकवला जातो त्यांतील प्रिमरोझचे फूल आपल्याकडे कुणी पाहिलेलेही नसते. म्हणून या लेखात शक्य तितकी उदाहरणे आपल्या बाजारातली, परसातली आणि शेताच्या बांधावरची घेतली आहेत.

आधी शब्द ठरवून घेऊ. फुलाच्या मध्यभागी जो स्त्री-अवयव असतो त्याच्या तळाचा फुगीर भाग म्हणजे किंजपुट (शाळेच्या पुस्तकातले अंडाशय), त्यावरचा दांडा म्हणजे किंजल आणि टोकाचा परागकण झेलणारा भाग म्हणजे किंजल्क. किंजपुटाच्या आत जे बारीक दाणे दिसतात ती बीजके (बीजांडे); फलनानंतर त्यांच्याच बिया होतात. बीजके ज्या जाडसर उंचवट्यावर उगवतात ती बीजकाधानी. किंजपुट एक किंवा अनेक किंजदलांचे, म्हणजे दुमडलेल्या पानासारख्या घटकांचे, बनलेले असते. बीजकाधान्या किंजपुटात कोठे आणि कशा मांडलेल्या आहेत, हे सांगणे म्हणजे बीजकविन्यास सांगणे. बीजक स्वतः सरळ उभे आहे की उलटे वाकलेले आहे, हा प्रश्न वेगळा असून त्याची येथे सरमिसळ करू नये.

साहित्य आणि तयारी

नवे, धारदार दाढीचे पाते, दहापट मोठे दाखवणारे हातातले भिंग, दोन सुया, पाण्याची वाटी आणि जुनी दगडी पाटी एवढे साहित्य पुरते. पाटीचा उल्लेख मुद्दाम केला आहे: बीजके पांढुरकी किंवा फिकट हिरवी असतात, त्यामुळे पांढऱ्या बशीत ती हरवतात, तर ओल्या काळ्या पाटीवर भिंगाशिवायही उठून दिसतात. प्रयोगशाळा हाताशी असेल तर सौम्य सॅफ्रॅनिनचा (लाल रंगाचा) एक थेंब टाकावा. घरी त्याची गरज पडत नाही. पाते बोथट असेल तर मात्र सगळे काम वाया जाते, कारण बोथट पात्याने किंजपुटातले नाजूक पडदे फाटतात, आणि फाटलेले पडदे पाहून अक्षलग्न प्रकाराला (पडदे असलेल्या) मुक्त मध्यवर्ती (पडदे नसलेला) म्हणण्याची चूक वर्गात वारंवार होते; हे प्रकार पुढे येतात.

फूल त्याच सकाळी उमललेले घ्यावे आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवावे. कोमेजलेल्या फुलातील किंजपुट सुरकुततो व काप सरळ येत नाही. शक्य असेल तेथे एकाच झाडाचे फूल, अगदी कोवळे फळ आणि तयार फळ असे तिन्ही गोळा करावे. निर्णय नेहमी फुलावरून किंवा कोवळ्या फळावरून घ्यावा. तयार फळात गर वाढतो, पडदे विरतात, बिया सरकतात आणि मूळची मांडणी झाकली जाते. धोतरा, कण्हेर आणि पिवळा धोत्रा हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

कापण्याआधी पानाचा एक प्रयोग

फणसाची पाच पाने घ्यावीत आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांवर खडूने ठिपके द्यावेत. पान म्हणजे किंजदल, ठिपके म्हणजे बीजके. एक पान मधल्या शिरेवर दुमडून त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकवल्या की ठिपके जोडाच्या रेषेवर दोन ओळींत येतात. हा धारालग्न प्रकार. आता पाचही पाने अशीच दुमडून, कडा आत आणि शिरा बाहेर ठेवून, वर्तुळात एकमेकांना चिकटवून धरावीत. पाच कप्पे तयार होतात, शेजारच्या पानांच्या बाजू मिळून पडदे होतात आणि सगळे ठिपके मध्यभागी, अक्षापाशी गोळा होतात, हा अक्षलग्न. शेवटी पाने न दुमडता, एकाची कड दुसऱ्याच्या कडेला जोडत गोल केली, तर मध्ये एकच पोकळी राहते आणि ठिपके भिंतीवरच्या जोडांपाशी उभ्या रेषांत दिसतात, हा तटलग्न. या तीन प्रकारांचा मूळ आराखडा एवढाच आहे. मुक्त मध्यवर्ती प्रकार अक्षलग्नातले पडदे नाहीसे झाल्याने समजावून घेता येतो, आणि तलस्थ प्रकारात एकच बीजक तळाशी उरते. हा प्रयोग एकदा हाताने केला की पुढचे सगळे काप वाचता येतात.

काप कसे घ्यावेत

प्रथम निदले आणि पाकळ्या सोडवून किंजपुट कोठे आहे ते पाहावे: पाकळ्यांच्या उगमाच्या वर असेल तर ऊर्ध्वस्थ, खाली असेल तर अधःस्थ. काकडीच्या मादी फुलाखाली दिसणारी इवलीशी काकडी हाच तिचा अधःस्थ किंजपुट. त्यानंतर किंजल्काचे भाग आणि किंजपुटाच्या बाहेरच्या धारा मोजाव्यात, कारण त्यावरून किंजदलांच्या संख्येचा अंदाज येतो. हा अंदाजच असतो, पुरावा नव्हे.

मग किंजपुट डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून पाते पाण्यात भिजवावे आणि एका ओढीत आडवा काप घ्यावा. करवतीसारखे मागेपुढे करू नये. आडवे काप तीन घ्यावेत: एक तळाजवळ, एक मध्यावर, एक टोकाजवळ. दुसऱ्या फुलाचा किंजपुट उभा चिरावा. पुस्तकातील आकृती बहुतेक वेळा एकाच कापाची असते, आणि एका कापावरून बीजकविन्यास ठरवणे ही या विषयातील मोठी फसगत आहे. ती कशी होते हे ढबू मिरचीवर पाहू.

भेंडी, ढबू मिरची आणि तंबाखू

सुरुवात भेंडीपासून करावी, जास्वंदीपासून नव्हे. दोन्ही एकाच कुळातील आहेत आणि दोन्हींत पाच किंजदले, पाच कप्पे व अक्षलग्न मांडणी असते. पण जास्वंदीचा किंजपुट पुंकेसरांच्या नळीच्या तळाशी दडलेला व लहान असतो, आणि बागेतल्या पुष्कळ जास्वंदींना फळेच धरत नाहीत. भेंडीचे कोवळे फळ बोटाएवढे झाले की मध्यावर आडवे कापावे. बाहेरच्या प्रत्येक धारेखाली एक कप्पा, दोन कप्प्यांमध्ये पडदा, पडदे मध्यभागी जेथे मिळतात तेथे एक अक्ष, आणि त्या अक्षाच्या कोनातून प्रत्येक कप्प्यात डोकावणारी पांढरी बीजके असे चित्र दिसते. बीजकांची टोके बाहेरच्या भिंतीकडे असली तरी देठ आतून निघालेले असतात, आणि आपल्याला देठ पाहायचा असतो. काही वाणांच्या भेंडीला पाचापेक्षा जास्त धारा असतात. तेव्हा कप्पेही तितकेच मिळतात.

आता ढबू मिरची घ्यावी. देठाजवळ आडवी कापली तर तीन किंवा चार पडदे मध्यापर्यंत पोहोचलेले दिसतात, मधल्या जाड पांढऱ्या गाभ्यावर बियांची दाटी असते आणि कुणीही तिला अक्षलग्न म्हणेल. तीच मिरची टोकाजवळ कापली तर पडदे भिंतीपासून थोडे आत येऊन थांबलेले असतात आणि मधली पोकळी एकच भासते. नुसता टोकाकडचा काप हाती आला तर विद्यार्थी तिला निःशंकपणे तटलग्न लिहितो. दोन्ही काप शेजारी ठेवल्यावरच कळते की पडदे खाली पूर्ण आणि वर अपूर्ण आहेत. म्हणून मिरचीची मांडणी अक्षलग्नच मानतात. ब्याडगी मिरचीतही हेच असते, फक्त ती लांबट असल्याने फरक पटकन नजरेत येत नाही.

मिरची, टोमॅटो, वांगे, धोतरा आणि तंबाखू हे सगळे एका कुळातले असून मुळात दोन किंजदलांचे आहेत. टोमॅटोच्या मोठ्या वाणांत किंजदलांची संख्या लागवडीत वाढलेली असते. धोतऱ्याचा किंजपुट अधिक फसवा आहे: किंजदले दोनच, पण खालच्या भागात आणखी एक आभासी पडदा वाढल्याने तेथे चार कप्पे दिसतात, वर मात्र दोनच. तंबाखूचा किंजपुट या सगळ्यांत पाहायला सर्वांत देखणा, असे माझे मत आहे. निपाणी परिसरात तंबाखूचे शेंडे खुडले जातात, त्यामुळे फुले बियाण्यासाठी राखलेल्या झाडांवरच मिळतात. शेतकऱ्याला विचारून एखादे घ्यावे. आडव्या कापात दोन कप्पे दिसतात आणि मधल्या पडद्यावरची बीजकाधानी दोन्ही बाजूंना इतकी फुगलेली असते की तिने कप्पा जवळजवळ भरून टाकलेला असतो. तिच्या पृष्ठभागावर बीजके अगदी दाटीने बसलेली असतात. एवढी फुगीर बीजकाधानी कशासाठी, याचे उत्तर बियांच्या आकारात आहे: तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये 10,000 हून अधिक बिया मावतात, आणि इतक्या बीजकांना बसायला जागा लागते.

लिंबू आणि केळेही अक्षलग्नच आहेत. लिंबात जितक्या फोडी तितकी किंजदले. रसाच्या पिशव्या म्हणजे कप्प्यांच्या भिंतीवरून आत वाढलेले केस असून त्यांचा बीजकांशी संबंध नसतो. पिकलेल्या केळ्याच्या चकतीत मध्यभागी तीन बाजूंना दिसणारे काळे ठिपके म्हणजे वाढ न झालेली बीजकेच होत.

वाटाणा

भात कापल्यावर येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात वाटाणा, मसूर, हरभरा येतो. त्या हंगामात धारालग्न मांडणीला साहित्याची वाण पडत नाही. वाटाण्याची शेंग ज्या शिवणीवर दाणे असतात त्या शिवणीतून हळूच उघडावी. दाणे एका रांगेत दिसतात, पण नीट पाहिल्यास पहिला दाणा एका पाखीला (शेंगेच्या अर्ध्या टरफलाला), दुसरा दुसऱ्या पाखीला, तिसरा पुन्हा पहिलीला असे आळीपाळीने चिकटलेले असतात. फणसाच्या पानाच्या दोन कडांवरचे ठिपके आठवावेत: रांग एक नसून दोन आहेत. एक किंजदल, एक कप्पा, एका शिवणीवर बीजके, हे धारालग्नाचे लक्षण.

या प्रकाराशी शेवग्याच्या शेंगेचा घोळ होतो. शेवग्याला आपण शेंग म्हणतो, परंतु ती वाटाण्यासारखी शेंग नव्हे. तिचा आडवा काप त्रिकोणी असतो, वाळल्यावर ती तीन पाखांत उकलते, कारण ती तीन किंजदलांची असून तिच्यातील मांडणी तटलग्न आहे.

मोहरी, पिवळा धोत्रा, काकडी

तटलग्न प्रकारासाठी पिवळा धोत्रा फार उपयुक्त आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला तो पडीक रानात आणि बांधांवर फुलतो. काटे सांभाळून कोवळे बोंड घ्यावे आणि मध्यावर कापावे. पिवळा चीक येतो, तो पाण्याने धुऊन टाकावा. पडदे नसलेली एकच पोकळी आणि तिच्या भिंतीवर चार ते सहा ठिकाणी आत आलेले उंचवटे, प्रत्येकावर बीजकांचा पुंजका, असा काप मिळतो. याच झाडाच्या बिया मोहरीत मिसळल्या जातात. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने जलशोथाची (अंगावर सूज येणाऱ्या आजाराची) मोठी साथ आली होती, तेव्हा ही दोन्ही झाडे एकाच धड्यात शेजारी असणे विचित्रच वाटते.

मोहरीत कप्पे दोन दिसतात, आणि नेमके तेथेच विद्यार्थी अक्षलग्न लिहून मोकळे होतात. कारण उघड आहे: कप्प्यांच्या संख्येवरून प्रकार ठरवायची सवय लागलेली असते. वाळलेली मोहरीची शेंग घेऊन तिच्या दोन्ही पाखा खालून वर सोलाव्यात. मध्ये एक चौकट उरते, तिच्यावर पातळ, चकचकीत, कागदासारखा पडदा ताणलेला असतो, आणि बिया त्या पडद्याच्या मध्यावर नसून चौकटीच्या काठावर देठांनी लटकलेल्या असतात. हा पडदा किंजदलांच्या मिळालेल्या बाजूंचा नसून बीजकाधान्यांपासून नंतर वाढलेला, म्हणजे आभासी आहे. बीजके भिंतीच्या जोडावर असल्याने मांडणी तटलग्न.

काकडीत याच्या उलट फसगत होते. आडव्या कापात तीन किंजदलांच्या बीजकाधान्या भिंतीपासून निघून थेट मध्यापर्यंत पोहोचतात, तेथे एकमेकींना भिडतात आणि दोन्ही बाजूंना वळून पुन्हा बाहेरच्या दिशेने बीजके धरतात. म्हणून पिकलेली काकडी अक्षलग्न भासते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांमध्येही तिच्याबद्दल वाद झालेले आहेत. पाठ्यपुस्तकांत काकडी, दोडका, भोपळा यांना तटलग्न मानतात. परीक्षेत तसेच लिहावे. पण कोवळ्या, बोटभर काकडीचा काप पाहून बीजकाधानी भिंतीपासून निघते आहे याची खात्री स्वतः करून घ्यावी. पपईत असा प्रश्न नाही. मोठी एकसंध पोकळी आणि आतल्या भिंतीवर पसरलेल्या बिया, पाच किंजदले, तटलग्न.

मुक्त मध्यवर्ती आणि तलस्थ

डायँथसचे फूल परसात नसेल तर पुष्पगुच्छ करणाऱ्या फुलवाल्याकडे कार्नेशन मिळते. ते त्याच प्रजातीचे आहे. मात्र गुच्छातल्या दुहेरी फुलांत किंजपुट लहान राहतो, म्हणून एकेरी पाकळ्यांचे डायँथस मिळाले तर उत्तम. मध्यावरच्या आडव्या कापात एक कप्पा, मध्ये गोल खांब आणि खांबाभोवती बीजके दिसतात. खांब कोणत्याही पडद्याने भिंतीला जोडलेला नसतो. तळाजवळच्या कापात मात्र पडद्यांचे अवशेष आढळू शकतात, कारण कोवळेपणी तेथे पडदे होते आणि वाढताना ते नाहीसे झाले. आपल्याकडे सहज मिळणारे दुसरे उदाहरण म्हणजे घोळ ही पालेभाजी, आणि तिचाच शोभेचा भाऊबंद चिनी गुलाब. घोळीचे बोंड टोपण निघावे तसे वरून आडवे उघडते, आणि आतल्या बिया तळातून वर आलेल्या गाभ्यावर असतात.

तलस्थ प्रकार आडव्या कापात ओळखताच येत नाही. तेथे उभा काप अनिवार्य आहे. सूर्यफुलाच्या तबकातील मधले एक छोटे फूल उपटून त्याच्या खालचा पांढरा भाग उभा चिरावा. एकच कप्पा, एकच बीजक, तळातून उभे. किंजल्काला दोन फाटे असतात, म्हणजे किंजदले दोन. कप्पा मात्र एकच. किंजदलांवरून कप्पे मोजू नयेत, हे येथे पुन्हा दिसते. झेंडूतही असेच असते, पण त्याचा किंजपुट फार बारीक असल्याने सूर्यफुलावर हात बसल्यावरच तो घ्यावा.

कमी भेटणारे प्रकार

गावतळ्यातील कुमुदिनीत बीजके पडद्यांच्या संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेली असतात. हा पृष्ठलग्न प्रकार. खऱ्या कमळात तसे नसते: त्याच्या टोपीसारख्या गाभ्यातील प्रत्येक खड्ड्यात एक स्वतंत्र किंजदल आणि त्यात वरून लोंबणारे बीजक असते. बाजारात दोन्हींना कमळच म्हणतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा. डाळिंब हा प्रकार वेगळाच आहे. त्यात किंजदलांचे दोन थर असतात; खालच्या थरात मांडणी अक्षलग्न, वरच्या थरात तटलग्न भासणारी. डाळिंब मध्यावर आडवे न कापता एकदा तळाकडे आणि एकदा मुकुटाकडे कापले तर दोन वेगळी चित्रे मिळतात.

निर्णयाचा क्रम आणि नोंद

अनोळखी फूल समोर आल्यावर पहिला प्रश्न कप्पे किती हा विचारू नये. पहिला प्रश्न असा: बीजकाचा देठ कशाला चिकटलेला आहे, मधल्या अक्षाला, भिंतीला, शिवणीला, खांबाला की तळाला? देठ सुईने हलवून पाहावा. बीजक हलले की ते कोठे टांगले आहे ते लगेच दिसते. दुसरा प्रश्न, पडदे असतील तर ते खरे की आभासी, म्हणजे बीजके पडद्यांच्या मिलाफावर आहेत की पडद्याच्या बाहेरच्या काठावर? तिसरा प्रश्न, तळ, मध्य आणि टोक या तिन्ही कापांत तेच दिसते का? कप्पे आणि किंजदलांची संख्या या तिघांनंतर नोंदवावी.

नोंदवहीत आकृती काढताना पेन्सिलीने आधी बाहेरची भिंत, मग पडदे, मग बीजकाधानी आणि शेवटी देठासह बीजके काढावीत. देठ न काढता भिंतीजवळ नुसते गोल काढले तर तपासणाऱ्याला अक्षलग्न आणि तटलग्न यांतला फरक कळत नाही व गुण जातात. काप तळाचा, मध्याचा की टोकाचा हे आकृतीखाली लिहावे, आणि मिरची किंवा डायँथससारख्या उदाहरणांत दोन काप शेजारी काढावेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या काही आकृत्यांवर दोन्ही नावे द्यावीत: धारालग्न म्हणजे मार्जिनल, अक्षलग्न म्हणजे ॲक्साइल, तटलग्न म्हणजे परायटल, मुक्त मध्यवर्ती म्हणजे फ्री सेंट्रल, तलस्थ म्हणजे बेसल. नंतर परीक्षेच्या भाषेतले एकच नाव पुरते.